रस्त्यावरील संगीत : भिक्षा की मोबदला?

१९९९ साली मेक्सिको सिटी येथील रॉड्रिगो सांचेझ आणि गॅब्रिएला क्विंटेरो हे दोन तरुण गिटारवादक आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे दाखल झाले. मायदेशी ते एका हेवी मेटल बँडमध्ये वाजवीत असत. परंतु तेथे व्यावसायिक यश त्यांच्या वाट्याला आले नव्हते. इंग्रजी भाषा त्यांना जेमतेमच येत होती. डब्लिनमधील ग्राफ्टन स्ट्रीट या पादचाऱ्यांसाठी राखीव असलेल्या बाजारपेठेच्या रस्त्यावर उभे राहून ते गिटार वाजवू लागले आणि येणारे-जाणारे लोक समोरच्या पेटीत नाणी टाकू लागले. पुढे २००६ मध्ये त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेला ध्वनिमुद्रित संग्रह आयर्लंडमधील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. मे २०१० मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांच्या सन्मानार्थ व्हाइट हाउसमध्ये झालेल्या राजकीय मेजवानीत या जोडीचे वादन झाले आणि २०२० मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

रस्त्यावर वाद्य वाजविणे आणि ऐकणाऱ्याने स्वखुशीने पैसे देणे, एवढीच ही कृती. परंतु हीच कृती एका देशात व्यवसायाची पहिली पायरी ठरते, तर दुसऱ्या देशात कायद्याच्या भाषेत ती ‘भीक मागणे’ या व्याख्येत बसू शकते. भारतात १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने सार्वजनिक ठिकाणी गाऊन किंवा खेळ दाखवून पैसे मिळविणाऱ्यालाही भिक्षेकरी ठरविण्याची तरतूद केली. हा फरक केवळ शब्दांचा नाही. पेटीत पडलेल्या नाण्याला भिक्षा म्हणायचे की मोबदला, यावर त्या कलावंताचे नागरिक म्हणून असलेले स्थान, त्याचे स्वातंत्र्य आणि त्याची उपजीविका अवलंबून असते. म्हणूनच परदेशातील रस्त्यावरील संगीताची व्यवस्था समजून घेणे भारतीय संदर्भातही उपयुक्त ठरते.

‘बस्किंग’ म्हणजे काय?

सार्वजनिक जागेत प्रवेशशुल्क न आकारता कला सादर करणे आणि प्रेक्षकांकडून ऐच्छिक रक्कम स्वीकारणे यास इंग्रजीत ‘बस्किंग’ असे म्हणतात. या शब्दाचा संबंध स्पॅनिश भाषेतील ‘शोधणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला जातो. गायन, वादन, जादूचे प्रयोग, कसरती, मूकाभिनय, बाहुल्यांचे खेळ अशा अनेक कलांचा त्यात समावेश होतो. भिक्षा मागणारी व्यक्ती आपली गरज दाखवून मदतीची याचना करते, तर बस्कर आधी सेवा देतो आणि तिचे मोल ठरविण्याचे काम श्रोत्यावर सोपवितो. या दोहोंमधील सीमारेषा व्यवहारात नेहमीच ठळक असते असे नाही. तथापि कायद्याने ती कोठे आखली आहे यावर बरेच काही ठरते.

उपजीविकेसाठी परदेशी रस्त्यांवर वाजविण्याची प्रथाही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात दारिद्र्यामुळे इटलीतून बाहेर पडलेले अनेक स्थलांतरित लंडन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हाताने फिरवावयाची पेटी वाजवून पोट भरत असत. भाषा येत नसलेल्या, भांडवल नसलेल्या परक्या माणसाला बाजारात प्रवेश देणारा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग होता. डब्लिनला आलेल्या मेक्सिकन जोडीच्या बाबतीतही हेच घडले. त्यांचे संगीत वाद्यसंगीत असल्याने भाषेचा अडसर त्यांना जाणवला नाही.

रस्त्यावरील संगीताचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या परिभाषेत रस्त्यावरील संगीत हे ‘सार्वजनिक वस्तू’च्या जवळ जाते. एका व्यक्तीने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे संगीत कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला ऐकण्यापासून रोखताही येत नाही. अशा वस्तूंच्या बाबतीत ‘फुकट लाभार्थी’ ही समस्या उद्भवते. म्हणजे लाभ सर्वांना मिळतो, पैसे मात्र थोडेच लोक देतात. त्यातच येथे रक्कम आधी नव्हे, तर ऐकून झाल्यावर आणि तीही स्वेच्छेने दिली जाते. म्हणून अनुभवी कलावंताला वादनाबरोबरच जागेची निवड, गर्दीचा वेग, लोक थांबतील अशी सुरुवात आणि पैसे देण्याचा क्षण यांचेही भान ठेवावे लागते.

या व्यवसायातील उत्पन्नाचे साधारणपणे तीन स्तर दिसतात. पहिला स्तर पेटीत पडणाऱ्या नाण्यांचा. तो अनिश्चित असतो. पाऊस, थंडी, सुट्ट्या आणि पर्यटनाचा हंगाम यांवर अवलंबून असतो. दुसरा स्तर जागेवरच होणाऱ्या ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीचा. येथे मध्यस्थ नसल्यामुळे विक्रीतील मोठा हिस्सा कलावंताकडेच राहतो. तिसरा स्तर रस्त्यावर ऐकून मिळणाऱ्या निमंत्रणांचा. उपाहारगृहे, महोत्सव, सहकलावंत आणि ध्वनिमुद्रण संस्था यांच्याकडून ती येतात. कारकीर्द घडते ती बहुधा या तिसऱ्या स्तरामुळे. पहिल्या स्तरावरील पैसा कलावंताला तोपर्यंत तग धरण्याचे बळ देतो.

याखेरीज रस्ता कलावंताला अत्यंत स्वस्त असे बाजार-संशोधन उपलब्ध करून देतो. सभागृहातील प्रेक्षक तिकीट काढून आलेला असल्याने सहसा उठून जात नाही; रस्त्यावरील श्रोता मात्र न आवडल्यास पुढे निघून जातो. कोणती रचना थांबवते आणि कोणती थांबवत नाही याचा निकाल तेथल्या तेथे लागतो.

रस्त्यापासून कारकिर्दीपर्यंत

या प्रक्रियेची काही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. इंग्लंडमधील ब्रायटन येथे २००३ मध्ये स्थापन झालेला ‘पॅसेंजर’ हा बँड २००९ मध्ये फुटला. त्याचा गायक माइक रोझेनबर्ग याने तेच नाव पुढे चालू ठेवले आणि ऑस्ट्रेलियात जाऊन एकट्याने रस्त्यावर गाण्यास सुरुवात केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे ‘लेट हर गो’ हे गीत प्रथम नेदरलँड्समध्ये गाजले आणि त्यानंतर अनेक देशांतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. येथे मायदेशातील अपयशानंतर परदेशातील रस्त्याने कलावंताला नव्याने उभे राहण्याची संधी दिली.

कॅनडातील क्यूबेक प्रांताचा गी लालिबेर्ते हा वयाच्या अठराव्या वर्षी अकॉर्डियन घेऊन युरोपात गेला. तेथील रस्त्यांवरील कलावंतांमध्ये राहून त्याने आगीचे खेळ आत्मसात केले. मायदेशी परतल्यावर रस्त्यावरील कलावंतांना एकत्र करून १९८४ मध्ये ‘सर्क द्यू सोलेय’ ही संस्था उभी राहिली. फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिए याच्या आगमनास ४५० वर्षे झाल्याच्या उत्सवात प्रांतिक शासनाने या संस्थेला काम दिले होते. रस्त्यावरील कौशल्याला शासनाने ऐन सुरुवातीला दिलेले काम किती महत्त्वाचे ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आयर्लंडमधील ग्लेन हॅन्सर्ड याने वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून डब्लिनच्या रस्त्यांवर गाण्यास प्रारंभ केला. २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘वन्स’ या अल्पखर्ची चित्रपटात त्याने रस्त्यावरील गायकाचीच भूमिका केली आणि त्यातील गीतासाठी त्याला व त्याची सहगायिका मार्केटा इर्ग्लोव्हा हिला २००८ चा ऑस्कर पुरस्कार मिळाला.

तथापि या यशोगाथांवरून सरसकट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. यशस्वी झालेल्यांचीच नावे नोंदली जातात. रस्त्यावरच राहिलेल्यांची मोजदाद होत नाही. बहुसंख्य बस्करांसाठी हे काम म्हणजे विमा, निवृत्तिवेतन आणि निश्चित वेतन यांपैकी काहीही नसलेला असंघटित स्वयंरोजगारच असतो. २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे रस्ते ओस पडले, तेव्हा या व्यवसायाचे दुबळेपण जगभर दिसून आले. त्यामुळे विचारात घ्यावयाचा प्रश्न हा नव्हे की रस्ता प्रत्येकाला प्रसिद्ध करतो का. रस्त्यावर प्रामाणिकपणे काम करू पाहणाऱ्याला तेथे निर्भयपणे उभे राहता येते का, हा खरा प्रश्न आहे.

नियमनाचा इतिहास : बंदीकडून व्यवस्थापनाकडे

पाश्चात्त्य देशांतही रस्त्यावरील संगीताचे प्रारंभापासून स्वागत झाले असे नाही. आधुनिक संगणकाच्या संकल्पनेचे जनक मानले जाणारे गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी लंडनमधील रस्त्यावरील वादकांविरुद्ध प्रदीर्घ मोहीम चालविली होती. १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून, आजारपण किंवा अन्य वाजवी कारणास्तव रस्त्यावरील वादकाला घराजवळून दूर जाण्यास सांगण्याचा अधिकार लंडनमधील रहिवाशांना अधिक स्पष्टपणे दिला. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो लाग्वार्डिया हे स्वतः इटालियन वंशाचे होते. तरीही त्यांच्या प्रशासनाने १९३६ पासून पेटीवादकांचे परवाने बंद केले. रस्त्यावरील कलावंतांवरील ही बंदी १९७० मध्ये महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत उठली.

त्यानंतरच्या काळात बंदीऐवजी व्यवस्थापनाचा मार्ग अनेक शहरांनी स्वीकारला. त्याची प्रमुख प्रतिमाने पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(१) निवड चाचणी व ठरावीक जागा : न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८० च्या दशकात चाचणीद्वारे कलावंत निवडून त्यांना स्थानकांवर जागा व वेळ नेमून देण्यास सुरुवात केली. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून परवाना योजना अमलात आली. स्थानकात जमिनीवर आखलेल्या जागेत, पूर्वनियोजित वेळेत परवानाधारक कलावंत वाजवितो. त्यामुळे प्रवाशांच्या वाटेत अडथळा येत नाही आणि कलावंतांमधील जागेचे तंटेही टळतात. टोकियो महानगर शासनाने २००२ मध्ये चाचणी घेऊन कलावंतांना उद्याने व अन्य सार्वजनिक जागा उपलब्ध करून देणारी योजना सुरू केली.

(२) परवाना व उपविधी : डब्लिन महापालिकेने २०१५ मध्ये रस्त्यावरील कलावंतांसाठी उपविधी लागू केले. परवाना, आवाजाची मर्यादा आणि एका जागी वाजविण्याच्या कालावधीची मर्यादा ही त्यांची मुख्य अंगे होत. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातही परवाना पद्धती असून, अतिवर्दळीच्या बर्क स्ट्रीट मॉलसाठी वेगळी चाचणी घेतली जाते.

(३) अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे प्रतिमान : अमेरिकेत रस्त्यावरील कलाप्रदर्शनाला संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असा दृष्टिकोन न्यायालयांनी घेतला. सिअ‍ॅटल शहरातील एका सार्वजनिक केंद्रात कलावंतांना आधी परवाना घेण्याची सक्ती करणारे नियम संघीय अपील न्यायालयाने २००९ मध्ये अवैध ठरविले. पैसे स्वीकारल्यामुळे अभिव्यक्तीचे संरक्षण नाहीसे होत नाही, हे या प्रतिमानाचे मूळ सूत्र होय.

रोख रकमेचा वापर कमी झाल्याने या व्यवसायापुढे नवे आव्हान उभे राहिले. त्यावर उपाय म्हणून लंडनमध्ये २०१८ पासून कार्ड टेकवून रक्कम देण्याची यंत्रे बस्करांना उपलब्ध करून देण्याचा उपक्रम सुरू झाला.

मात्र व्यवस्थापनात समतोल साधला गेला नाही तर काय घडते, हेही लंडननेच दाखवून दिले. लेस्टर स्क्वेअर येथे ध्वनिवर्धक लावून दिवसभर चालणाऱ्या, पुनःपुन्हा त्याच रचना सादर करणाऱ्या वादनाचा त्रास शेजारच्या कार्यालयाने न्यायालयात नेला. न्यायालयाचा निर्णय तक्रारदाराच्या बाजूने लागल्यावर एप्रिल २०२५ मध्ये स्थानिक परिषदेने तेथील बस्किंगच्या जागा स्थगित केल्या. श्रोता निघून जाऊ शकतो; परंतु लगतच्या इमारतीत काम करणारा माणूस जाऊ शकत नाही. कलावंताच्या हक्काला त्याच्या शांततेच्या हक्काची मर्यादा असते.

परदेशी कलावंतापुढील कायदेशीर बाबी

परदेशात रस्त्यावर वाजवू इच्छिणाऱ्यास दोन स्वतंत्र परवानग्यांचा विचार करावा लागतो. स्थानिक संस्थेचा बस्किंग परवाना ही एक बाब आणि त्या देशात काम करण्याचा अधिकार ही दुसरी. पर्यटक म्हणून प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला सामान्यतः अर्थार्जन करण्यास मनाई असते. पेटीत पडलेली रक्कम ऐच्छिक असली तरी ती कामाचे उत्पन्न मानली जाऊ शकते. त्यामुळे केवळ वाद्य घेऊन पर्यटक व्हिसावर जाणे धोक्याचे ठरते.

तरुण भारतीयांसाठी या संदर्भात अलीकडे दोन मार्ग उपलब्ध झाले. भारत आणि ब्रिटन यांच्यातील २०२१ च्या स्थलांतर व गतिशीलता भागीदारीनुसार फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना सुरू झाली. तिच्यानुसार १८ ते ३० वयोगटातील पदवीधर भारतीयांना, वर्षाला ३,००० पर्यंत, सोडत पद्धतीने निवड होऊन दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहण्याची व काम करण्याची मुभा देण्याचे ठरले. भारत-ऑस्ट्रेलिया आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. त्यातील तरतुदीनुसार १८ ते ३० वयोगटातील भारतीयांसाठी वर्षाला १,००० ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा ठेवण्यात आले. या योजना संगीतकारांसाठी आखलेल्या नाहीत. परंतु कलावंतही त्यांच्या अटींनुसार पात्र ठरू शकतो.

दुसरा महत्त्वाचा विषय स्वामित्वहक्काचा. दुसऱ्याची रचना सार्वजनिकरीत्या सादर करण्याचा हक्क मूळ निर्मात्याकडे असतो, तर स्वतःची रचना ही कलावंताची संपत्ती असते. भारताच्या स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क असून तो ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने हे हक्क अधिक बळकट केले आणि गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाच्या वाट्याला संरक्षण दिले. रस्त्यावर सादर झालेल्या कलेचे चित्रण क्षणार्धात जगभर पोहोचण्याच्या काळात या तरतुदींची माहिती असणे कलावंताच्या हिताचे आहे.

भारतीय परंपरा आणि कायद्याची दृष्टी

भारतात रस्त्यावर व दारोदारी कला सादर करण्याची परंपरा प्राचीन आहे. बंगालचे बाऊल, राजस्थानचे भोपे व कठपुतळीकार, उत्तर भारतातील नट व मदारी, महाराष्ट्रातील वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले व डोंबारी ही तिची काही रूपे. वासुदेवाला पहाटे दिले जाणारे दान हे लोकमानसात धर्मकृत्य होते. समाजाने त्याला लाचार मानले नाही. गावगाड्यात त्याला स्वतःचे स्थान होते.

वसाहतकालीन कायद्याने मात्र फिरस्तेपणाकडे संशयाने पाहिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाखाली अनेक भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले. त्यांत कसरतीचे खेळ व गाणे-बजावणे यांवर जगणारे समूहही होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा अधिनियम रद्द झाला आणि हे समूह ‘विमुक्त’ झाले. तथापि संशयाची दृष्टी पूर्णतः मावळली नाही.

मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा वस्तू विकावयास पुढे करणे असे कोणतेही मिष असो वा नसो, सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे वा स्वीकारणे हा अपराध ठरविला. प्रथम दोषसिद्धीनंतर एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवण्याची आणि पुनःपुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद त्यात होती. १९६० मध्ये हा अधिनियम दिल्लीलाही लागू करण्यात आला. या व्याख्येत कलेचे सादरीकरण हे काम नसून केवळ ‘मिष’ आहे, असे गृहीत धरलेले दिसते. ग्राफ्टन स्ट्रीटवर वाजविणारी जोडी या व्याख्येच्या कक्षेत सहज आली असती.

न्यायालयांनी या दृष्टीची पुनर्तपासणी केली आहे. ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने भिक्षा मागण्यास गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवून रद्द केल्या. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील समांतर कायदा रद्द केला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दारिद्र्यामुळे लोक भीक मागतात, याबाबत अभिजनवादी दृष्टिकोन घेता येणार नाही, असे मत व्यक्त केले. दिल्लीच्या निर्णयाची व्याप्ती मात्र दिल्लीपुरतीच आहे, ही बाब लक्षात ठेवावयास हवी.

संविधानिक चौकट

रस्त्यावरील कलावंताचा प्रश्न संविधानाच्या अनेक तरतुदींना स्पर्श करतो. अनुच्छेद १९(१)(क) अन्वये भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि अनुच्छेद १९(१)(छ) अन्वये कोणताही पेशा वा व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य लाभले आहे. दोहोंवर वाजवी निर्बंध घालता येतात. ओल्गा टेलिस प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. सोदनसिंग प्रकरणात (१९८९) पदपथावर व्यापार करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असून त्याचे नियमन करता येते, परंतु रस्ते केवळ ये-जा करण्यासाठीच आहेत या कारणावरून तो सरसकट नाकारता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

सातव्या अनुसूचीतील विभागणीही उद्बोधक आहे. नाट्यप्रयोग व करमणूक हे विषय राज्य सूचीत (नोंद ३३) आहेत, तर ‘भटकेगिरी, भटक्या व स्थलांतर करणाऱ्या जमाती’ हा विषय समवर्ती सूचीत (नोंद १५) आहे. एकच कलावंत रंगमंचावर असला तर पहिल्या नोंदीच्या आणि रस्त्यावर असला तर दुसऱ्या नोंदीच्या चौकटीतून पाहिला जाण्याची शक्यता असते.

या पार्श्वभूमीवर पथविक्रेते (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ महत्त्वाचा ठरतो. त्यातील ‘पथविक्रेता’ या व्याख्येत वस्तू विकणाऱ्यांबरोबरच जनतेला सेवा देणाऱ्यांचाही समावेश आहे. अधिनियमात रस्त्यावरील कलावंतांचा स्वतंत्र उल्लेख नाही. असे असले तरी नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र व ठरावीक क्षेत्रे या त्यातील यंत्रणा लंडन वा डब्लिनच्या व्यवस्थेशी बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत. समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, अशी तरतूद आहे. ज्यांच्यासाठी नियम करावयाचे त्यांनाच नियम करण्यात सहभागी करून घेणे, हे तिचे वैशिष्ट्य.

ध्वनीच्या संदर्भात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू होतात. दिवसा व्यापारी क्षेत्रात ६५, निवासी क्षेत्रात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० डेसिबल अशी मर्यादा त्यांत घालून दिलेली आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी ध्वनिवर्धकास सामान्यतः मनाई आहे.

सन्मान परदेशात, अडचण मायदेशी

भारतीय रस्त्यावरील कलावंतांनी परदेशात सन्मान मिळविल्याची उदाहरणे आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेतील भारत महोत्सवाच्या निमित्ताने स्मिथसोनियन संस्थेने वॉशिंग्टन येथे भारतीय मेळ्याचे आयोजन केले. त्यात कारागिरांबरोबर भारतातील रस्त्यांवर व जत्रांत खेळ करणारे कलावंतही सहभागी झाले होते. दिल्लीतील कठपुतली कॉलनीत राहणाऱ्या बाहुलीकार, जादूगार व कसरतपटूंपैकी अनेकांनी परदेशांत कार्यक्रम केले. तीच वसाहत पुनर्विकासासाठी निवडली गेली आणि २०१४ ते २०१७ या काळात तेथील कुटुंबांच्या संक्रमण शिबिरातील स्थलांतरावरून मोठा वाद झाला. परदेशातील रंगमंच मिळाला, तरी मायदेशात राहण्याच्या आणि कला सादर करण्याच्या जागेची शाश्वती मिळतेच असे नाही.

या समूहांच्या स्थितीचा अभ्यास बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केला. २०१९ मध्ये विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या समुदायांसाठी विकास व कल्याण मंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये या समुदायांसाठी ‘सीड’ योजना सुरू करण्यात आली. शिक्षण, आरोग्य विमा, उपजीविका व घरकुल ही तिची चार अंगे असून पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. त्याच महिन्यात सुरू झालेल्या ‘स्माइल’ योजनेत भिक्षा मागणाऱ्यांच्या सर्वंकष पुनर्वसनाचा समावेश आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित स्वयंरोजगारितांना नोंदणी करता येते.

पुढील दिशा

परदेशातील अनुभव आणि भारतीय चौकट यांचा एकत्रित विचार केल्यास काही मुद्दे समोर येतात :

(१) राज्यांच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यांतील व्याख्येतून कलेचे सादरीकरण वगळणे. ही सुधारणा खर्चिक नाही. मात्र तिच्याविना अन्य उपायांना पाया राहत नाही.

(२) महानगरपालिका, रेल्वे व मेट्रो यांनी ठरावीक जागा, वेळ व ध्वनिमर्यादा यांची सुलभ व्यवस्था करणे. मुंबईतील काही उपनगरी रेल्वे स्थानकांवर रेल्वेच्या परवानगीने संगीताचे कार्यक्रम झाले आहेत. असे प्रयोग नियमित स्वरूपात आणणे शक्य आहे.

(३) निवड चाचणीचे निकष केवळ शहरी, शिक्षित वादकाला अनुकूल ठरणार नाहीत याची दक्षता घेणे. गिटार वाजविणाऱ्याला परवाना आणि ढोलकी वाजविणाऱ्या भटक्या कलावंताला दंड, असा भेद समतेच्या तत्त्वाला बाधक ठरेल. मुलांना कामाला लावले जाणार नाही, हेही पाहावे लागेल.

(४) २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय’ व्यवस्थेचा लाभ कलावंतांना मिळवून देणे. बँक खाते व क्यूआर संकेत यांमुळे उत्पन्नाची नोंद राहते आणि पुढे पतपुरवठ्यासाठी ती आधार होऊ शकते.

शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी आठवे उद्दिष्ट सन्मान्य रोजगाराचे, तर अकराव्यातील ११.७ हे लक्ष्य सर्वांसाठी सुरक्षित व समावेशक सार्वजनिक जागांचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ हे वर्ष शाश्वत विकासासाठी सर्जनशील अर्थव्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीतासाठी वाराणसी (२०१५), चेन्नई (२०१७) आणि ग्वाल्हेर (२०२३) या भारतीय शहरांचा समावेश झाला आहे. अशा शहरांत रस्त्यावरील कलावंताला मिळणारे स्थान हा त्या बहुमानाचा एक व्यावहारिक निकष ठरू शकेल.

समारोप

डब्लिनच्या रस्त्यावरील दोन मेक्सिकन वादकांनी आपल्या गुणवत्तेच्या बळावर यश मिळविले, यात शंका नाही. परंतु त्या गुणवत्तेला वाव मिळण्यासाठी आधी त्यांना रस्त्यावर उभे राहता आले पाहिजे होते. शहराने त्यांना अनुदान दिले नाही. त्यांना गुन्हेगार मानले नाही, एवढेच केले. रस्त्यावरील कलावंतासाठी कल्याणकारी योजना आवश्यक आहेतच. तथापि त्याच्या कामाला काम म्हणून मान्यता देणे ही त्याही आधीची पायरी होय. समोरच्या पेटीत पडणारे नाणे ही दया नसून श्रमाचा मोबदला आहे, हे कायद्याने मान्य केले तर वासुदेवाच्या टाळ-चिपळ्यांपासून भुयारी स्थानकातील गिटारपर्यंतच्या या परंपरेला प्रतिष्ठेचे स्थान लाभेल.